आयरिश लोकांनी परदेशात काय शिकवलं, आणि काय राहून गेलं?

धागाकर्ता : चंद्रमौळी

मंडळाच्या बैठकीत ‘परदेशात संस्कृती कशी टिकवायची’ हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “आयरिश लोकांकडे बघा जरा.” मी शिकागोत राहतो, मुलगी आयरिश डान्सला जाते, त्यामुळे बघणं आपसूक होतंच. पण जसजसं वाचत गेलो तसतसं वाटायला लागलं की हे ‘टिकवणं’ आपण समजतो तसं झालेलंच नाही. आज जगभर आयरिश म्हणून जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं परदेशातच घडलं आणि तिथून आयर्लंडला गेलं.

केली घ्या. केली म्हणजे समूहनाचाची संध्याकाळ. बघताना वाटतं, आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत हे शतकानुशतकं चालत आलं असणार. पण ‘केली’ या नावाने जाहीर कार्यक्रम पहिल्यांदा झाला तो लंडनमध्ये, ३० ऑक्टोबर १८९७ ला, ब्लूम्सबरी हॉलमध्ये. आयरिश भाषेसाठी १८९३ साली डब्लिनमध्ये गेलिक लीग निघाली होती, तिच्या लंडन शाखेने तो भरवला. शाखेचे चिटणीस फिनान मॅक कोलम यांनी लंडनमधल्या स्कॉटिश मंडळींच्या अशा बैठकी पाहिल्या होत्या, त्यावरून त्यांना हे सुचलं. गंमत म्हणजे नाचायला धड समूहनाच कुणाला येत नव्हते. त्या रात्री क्वाड्रिल (चार जोड्यांनी चौकोनात करायचा फ्रेंच वळणाचा नाच) आणि वॉल्ट्झ झाले, फक्त चाली आयरिश. पुढे लंडनच्याच हॅकनीत क्लास घेणारे, मूळचे आयर्लंडच्या केरी जिल्ह्यातले पॅट्रिक रीडी यांना गाठलं, त्यांच्याकडून जुने नाच शिकून घेतले, आणि तेच मग लीगने आयर्लंडभर ‘आपले’ म्हणून नेले. उलट खेड्यांत लोक खरोखर जे सेट (जोड्यांचे चौकोनी नाच) नाचत होते, ते क्वाड्रिलमधून आलेले म्हणून परके ठरले!

आमच्या शिकागोचं तर विचारूच नका. फ्रान्सिस ओनील, जन्म १८४८, गाव कॉर्कमधलं ट्रॅलिबेन. पोरवयात जहाजावर गेला, फिरत फिरत शिकागोला लागला, पोलिसात भरती झाला आणि १९०१ ते १९०५ शहराचा पोलीसप्रमुख होता. बासरी वाजवायचा, पण त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो वाजवून किंवा गुणगुणून दाखवायचा आणि जेम्स ओनील नावाचा दुसरा पोलीस (नातेवाईक नव्हे) लिहून काढायचा. शहरात कुणी नवा वादक आला की त्याच्याकडून चाली काढून घ्यायच्या. १९०३ साली १,८५० चालींचा संग्रह छापला, १९०७ साली फक्त नाचाच्या १,००१ चालींचा दुसरा. हा दुसरा पुढे आयर्लंडमधल्या वादकांच्या घराघरात गेला.

नंतर रेकॉर्डी आल्या. आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मायकेल कोलमन न्यूयॉर्कला स्थायिक झाला, १९२०च्या दशकात त्याच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या निघाल्या, त्या बोटीने मायदेशी गेल्या आणि तिकडची पोरं त्याची नक्कल करायला लागली. इतकी की आपापल्या जिल्ह्याची वळणं मागे पडली. आणि ३० एप्रिल १९९४ ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ या नाचाच्या कार्यक्रमाने जगाला वेड लावलं, तेव्हा पुढे नाचणारे दोघेही, जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली, अमेरिकेत जन्मलेले. फ्लॅटली आमच्या शिकागोचा.

आता भाषा. तिची सुरुवातही परदेशात जोरदार होती. मिहॉल ओ लोखॉन या शिक्षकाने १८८१ साली ब्रुकलिनमधून ‘अन गेल’ हे आयरिश-इंग्रजी मासिक काढलं. गेलिक लीगच्या आधी १२ वर्षं! बोस्टन, ब्रुकलिन, न्यूयॉर्कमध्ये भाषेचे वर्ग भरायचे. लीगचे डग्लस हाइड (हेच पुढे १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष) १९०५-०६ साली अमेरिकाभर निधी गोळा करत फिरले तर लोकांनी सढळ हाताने पैसे दिले. पण पैसे देणाऱ्यांच्या घरी पोरं इंग्रजीतच भांडत होती.

माझं म्हणणं एवढंच : संगीत आणि नाच परदेशात जगले कारण तिथे त्यांना नवं काम मिळालं. हॉल भरवायचा होता, स्पर्धा जिंकायची होती, रेकॉर्ड विकायची होती. भाषेला काम मिळालं नाही, फक्त मान मिळाला. मंडळींना काय वाटतं?

———

रानभैरी

धागा आवडला, पण शेवट घाईत उरकलात. भाषा परदेशात हरवली असं म्हणताय, ती बोटीत चढायच्या आधीच सुटायला लागली होती. १८३१ पासून सरकारी प्राथमिक शाळा आल्या, शिकवणं इंग्रजीत. पोराच्या गळ्यात काठी अडकवायचे, आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर खाच, आणि दिवसाअखेर खाचा मोजून मार. आणि हे फक्त मास्तर करत नव्हते, आईबापांची त्याला संमती होती. पोरगं अमेरिकेला जाणार, तर इंग्रजी हवीच. मग १८४५ ते १८५२ चा दुष्काळ. साधारण १० लाख मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले, आणि सगळ्यात जास्त झळ बसली ती पश्चिमेकडच्या, म्हणजे आयरिश बोलणाऱ्याच मुलखाला. त्या लोकांसाठी ती भाषा म्हणजे उपासमार. नाचाची कुणाला लाज वाटली नाही, भाषेची वाटली. हा फरक ‘काम मिळालं नाही’ने भागत नाही.

———

चंद्रमौळी

लाजेचा मुद्दा मान्य. पण लाज पहिल्या पिढीची. तिसऱ्या पिढीला उलट अभिमानच असतो, छातीवर शॅमरॉक (आयर्लंडचं तीन पानांचं चिन्ह) लावून फिरतात. त्यांनी तरी कुठे शिकली?

———

खडूसकाका

अभिमान फुकट असतो, क्रियापदं पाठ करावी लागतात.

———

फेशआई

मी न्यू जर्सीत, दोन्ही मुली आयरिश डान्सला. इतिहास वरच्यांनी सांगितलाच, मी आतलं सांगते.

स्पर्धेला ‘फेश’ म्हणतात. अमेरिकेत दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे असते. सकाळी ७ वाजता हॉटेलच्या बॉलरूममध्ये, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, पायात लेस बांधलेले मऊ बूट, त्यांना घिली म्हणतात. दुसरे ते कडक बूट, टाचेला आणि चवड्याला फायबरग्लास, त्यांचाच तो खणखणीत आवाज. पायऱ्या ठरलेल्या : बिगिनर, मग ॲडव्हान्स्ड बिगिनर, नॉव्हिस, प्राइझविनर, आणि वर चॅम्पियनशिपचे दोन टप्पे. खालच्या पायऱ्यांवर प्रत्येक नाचात वेगवेगळं वर चढावं लागतं, म्हणजे रीलमध्ये पुढे आणि स्लिप जिगमध्ये मागे (हे वेगवेगळ्या तालांचे नाच) असं होतं. आमच्या धाकटीचं तेच चाललंय.

नवख्या आयांना एक गोष्ट उलटी वाटते. वरच्या पायरीला कडक बुटांची जिग *हळू* वाजते. सुरुवातीच्या मुलांना मेट्रोनोमवर (लय मोजायचं यंत्र) ९२, आणि पुढे गेलात की ७३. हळू का? तर तेवढ्या जागेत दुप्पट ठोके बसवायचे असतात म्हणून. तबल्यातलं विलंबितचं भरणं ज्यांनी ऐकलंय त्यांना लगेच कळेल. परीक्षक बघतात ते पाय किती वळलेत, गुडघे किती जवळ आहेत, आणि तालात आहेस का. संगीत बहुतेक ठिकाणी जिवंत, कोपऱ्यात ॲकॉर्डियन किंवा कीबोर्डवाला बसलेला, आणि तो बिचारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच लयीत रील वाजवतोय.

खर्च. सुरुवातीला क्लासचा साधा ड्रेस चालतो. वर गेलात की स्वतःचा ‘सोलो ड्रेस’, हजार डॉलरच्या पुढेच. एका क्लासमध्ये आम्हाला स्पष्ट सांगितलं, ड्रेस जुना दिसतोय, परीक्षकांवर छाप पडत नाही. क्लास बदलला. सेकंडहँड ड्रेसचा मोठा बाजार आहे, घाबरू नका.

आणि भाषा? मोठीच्या आधीच्या शिक्षिका पावलं आयरिशमध्ये मोजायच्या, अ हेन, अ डो, अ ट्री. त्यामुळे माझ्या मुलीला आयरिश येतं, फक्त ८ पर्यंत. पुढचं लागतच नाही, ८ मात्रा झाल्या की परत पहिल्यापासून.

———

खडूसकाका

म्हणजे आमच्या मंडळाच्या लेझीम पथकाला जेवढं मराठी येतं तेवढं.

———

मृदगंध

फेशआई, शिकवणाऱ्यांना काही परीक्षा असते का, की कुणीही क्लास काढतं? आमच्याकडे भरतनाट्यमला कोण कुठून शिकून आलंय काही कळत नाही.

———

फेशआई

असते ना, आणि तेच मला त्यांचं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं. डब्लिनमध्ये एक आयोग आहे, १९३० च्या आसपासचा, ‘कोमिशून’ म्हणतात. गेलिक लीगनेच काढला. शिक्षक व्हायचं तर त्यांची परीक्षा. त्यात ठरलेल्या ३० केली नाचांची प्रत्येक चाल माहीत पाहिजे, कुणी कुठून कुठे जायचं, सगळं. शिवाय संगीताची ओळख आणि समोर मुलं उभी करून प्रत्यक्ष शिकवून दाखवणं. मग तुम्ही सिडनीत असा की टेक्सासमध्ये, मूल क्लास बदलून गेलं तरी नाच तोच. या आयोगाची जागतिक स्पर्धा १९७० पासून होते. आयोगातून फुटून निघालेल्या आणखी संघटनाही आहेत, त्यांच्या आपापसातल्या कुरबुरींवर वेगळा धागा निघेल.

———

सावळाविठू

हात का खाली बांधलेले असतात? मी ऐकलंय की इंग्रजांना खिडकीतून नाचताय हे कळू नये म्हणून फक्त पाय हलवायचे.

———

जुनाबाजा

ही गोष्ट प्रत्येक पबमध्ये ऐकायला मिळते, प्रत्येक वेळी वेगळी. कधी इंग्रज असतात, कधी पाद्री, कधी अडचणीचं स्वयंपाकघर. पुरावा कशालाच नाही. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराकडचा शॅन-नोस नाच बघा : हात मोकळे, पाय जमिनीलगत, आयत्या वेळी सुचेल तसं नाचायचं, आणि एखाद्या दारावर किंवा फळीवर. तोही आयरिशच. ताठ हात म्हणजे एका प्रकारची शिस्त, स्पर्धांनी ती आणखी कडक केली. आणि बटलर-फ्लॅटली जोडीने तीच मोडली, म्हणून लोक उठून उभे राहिले.

आता मी माझं सांगतो. मी लंडनमध्ये, व्हायोलिन वाजवतो, कर्नाटकी नाही, आपलं गायकी अंगाचं. इथल्या सेशनला अधूनमधून जातो. सेशन म्हणजे पबच्या कोपऱ्यात गोल करून बसायचं आणि वाजवायचं, समोर श्रोते असले काय, नसले काय. लोकांना वाटतं हीसुद्धा खेड्यातली जुनी परंपरा. खेड्यात वाजवणं घरात व्हायचं, चुलीशी, नाचणाऱ्यांसाठी. पबमधलं सेशन रुजलं ते लंडनला आलेल्या बांधकाम मजुरांमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर, कॅमडेन आणि केंटिश टाउनकडे. खोली भाड्याची, तिथे वाजवू देणार कोण? म्हणून पब. चंद्रमौळींच्या मुद्द्याला हे आणखी एक.

शिकवण्याची पद्धत मला फार आपली वाटली. कागद नाही. शिक्षक दोन मात्रांचा तुकडा वाजवतो, सगळे परत वाजवतात, मग पुढचा तुकडा, मग दोन्ही जोडून. चाल बहुतेक ८-८ बारच्या (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा, मिळून ३२ बार. एक चाल तीनदा, मग न थांबता दुसरी, मग तिसरी. दुसरी कुठली हे सुरू करणारा ठरवतो आणि बाकीच्यांना पहिल्या दोन सुरांत ओळखावी लागते. नवशिक्यांसाठी ‘स्लो सेशन’ वेगळं असतं. नियम लिहिलेले नसतात, पण बौरान, म्हणजे तो हातात धरून छोट्या काठीने वाजवायचा चामड्याचा डफ, एका वेळी एकानेच वाजवायचा. दुसरा कुणी काढायला लागला की सगळे बिअरच्या ग्लासकडे बघायला लागतात.

———

मृदगंध

जुनाबाजा, संगीतालाही परीक्षा आहे का?

———

जुनाबाजा

आहे. ‘कोल्तस’ म्हणून संस्था, १९५१ साली आयर्लंडमधल्या मलिंगारला निघाली, तेव्हा जुनं संगीत पार मागे पडत चाललं होतं. जगभर शाखा आहेत, जपानातसुद्धा. त्यांच्या श्रेणी-परीक्षा आहेत, आपल्या गांधर्वच्या प्रवेशिका-मध्यमासारख्या. पण खरी ओढ परीक्षेची नाही, ‘फ्ला’ची. दर ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या एखाद्या गावात भरतो, अख्खं गाव आठवडाभर वाजत असतं. त्यात ऑल-आयर्लंड स्पर्धा. ब्रिटनमधल्या, अमेरिकेतल्या मुलांना आधी आपापल्या भागातून निवडून यावं लागतं. शिकागोची लिझ कॅरल १९७५ साली फिडलमध्ये मोठ्यांच्या गटात ऑल-आयर्लंड जिंकली. अमेरिकेत जन्मलेली मुलगी तिकडे जाऊन त्यांच्याच मैदानात जिंकते आणि कुणी तिला ‘एनआरआय’ म्हणून वेगळं बसवत नाही. आपल्याकडे परदेशातल्या मुलाने गाणं म्हटलं की निवेदक म्हणतो “परदेशात राहूनही किती छान!” तो ‘ही’ त्यांनी काढून टाकलाय.

———

लिफीकाठची

डब्लिनहून. इतका वेळ नुसती वाचत होते, पण भाषेबद्दल इकडचं चित्र सांगितल्याशिवाय राहवेना.

तुम्ही परदेशात भाषा का रुजली नाही विचारताय, देशात तरी कुठे सोपं आहे? घटनेप्रमाणे आयरिश पहिली राजभाषा. शाळेत सगळ्यांना लहानपणापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत. २०२२ च्या जनगणनेत जवळपास १८ लाख ७४ हजार लोकांनी ‘आयरिश येतं’ असं लिहिलं, म्हणजे सुमारे ४० टक्के. आणि शाळेबाहेर रोज बोलणारे? सुमारे ७२ हजार. बारा-तेरा वर्षं शिकून माझे सहकारी एक वाक्य ठणठणीत म्हणतात : बाई, मी संडासला जाऊ का? कारण वर्गात परवानगी आयरिशमध्येच मागावी लागायची.

मराठी आईबापांसाठी : १२ वर्षांचं होईपर्यंत बाहेर शिकलेलं मूल इथे आलं तर आयरिशमधून सूट मिळू शकते. आमच्या ओळखीत बहुतेक सगळे सूट घेतात, गणिताला वेळ मिळतो म्हणून. आम्ही धाकट्याला गेलस्कूलमध्ये घातलं, म्हणजे सगळे विषय आयरिशमधून. घरी मराठी, शाळेत आयरिश, रस्त्यावर इंग्रजी. त्याचं काही अडलं नाही. शेजारची आयरिश आजी मात्र त्याच्याशी बोलायला लाजते, तिचं व्याकरण कच्चं आहे म्हणे.

———

रानभैरी

बघा! लाज. अजून तीच लाज, फक्त उलट्या बाजूने. आधी बोलायची लाज, आता न येण्याची.

———

चंद्रमौळी

लिफीकाठची, थोडं अवांतर : मराठी वडिलांचे लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा तुमच्याकडे काय वातावरण होतं?

———

लिफीकाठची

मालवणच्या माणसांचे फोन, आणखी काय! २०१९ च्या शेवटी ते मालवणजवळच्या वराडला, वडिलांच्या गावी, जाऊन आले तेव्हा माझ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर मला सत्तावीस फोटो पाठवले, प्रत्येकात वराडकरांचा फक्त कान. पण इथल्या आयरिश लोकांनी तो विषय आपल्याइतका चघळला नाही.

———

टोरांटोकर

परदेशात भाषेचे प्रयत्नच नाहीत असं नाही हं. आमच्या ओंटारिओत टॅमवर्थ गावाजवळ २००७ साली जमीन घेऊन चक्क ‘गेल्टख्त’ काढलंय. गेल्टख्त म्हणजे आयर्लंडमधला आयरिश बोलणारा मुलूख, तसा आयर्लंडबाहेरचा हा पहिलाच. तिथे कायम कुणी राहत नाही. लोक आठवड्यासाठी येतात, तंबू ठोकतात, आयरिशमध्ये स्वयंपाक करतात, भांडी घासतात, भांडतात. मी एका मित्राबरोबर गेलो होतो, तो मूळचा पोलंडचा, आयर्लंडशी नातं शून्य, पण विद्यापीठात आयरिशचा एक कोर्स घेतला आणि नाद लागला. रात्री जेवणानंतर त्याने चाळीस माणसांसमोर उभं राहून बटाटे करपले कुणामुळे यावर आयरिशमध्ये वाद घातला, आणि हरला. त्या वादाइतकी जिवंत भाषा मी आमच्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिली नाही.

शिवाय आयर्लंडहून दरवर्षी तरुण शिक्षक येतात. कॅनडातल्या विद्यापीठांसाठी एक फाउंडेशन पाठवतं, अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीमार्फत येतात. सरकार पैसे देतं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात तर आयरिश भाषा-साहित्याचा स्वतंत्र विभाग आहे. आणि बाकी जनता डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर, २०१४ पासून. तिथे लाखो लोकांनी सुरू केलं. संपवलं किती जणांनी ते सोडा.

———

खडूसकाका

करपलेल्या बटाट्यांवर आयरिश माणसाने वाद घालणं हे जरा दुःखदच नाही का?

———

टोरांटोकर

काका, तुम्ही सुधारणार नाही.

———

चंद्रमौळी

टोरांटोकर, हे मला हवं होतं ते उदाहरण. तिथे भाषेला काम आहे, भांडी घासायचं का होईना. ब्रुकलिनच्या वर्गात काय होतं? जुनी काव्यं, व्याकरण आणि देशभक्ती. माझ्या मते आपल्या बहुतेक मराठी शाळा त्या ब्रुकलिनच्या वर्गाच्या वळणावर आहेत. अभ्यासक्रम चांगला, पुस्तकं चांगली, शिकवणारे जीव तोडून शिकवतात, आणि मधल्या सुट्टीत मुलं इंग्रजी बोलतात. मधली सुट्टी मराठीत व्हायला हवी, तास इंग्रजीत झाला तरी चालेल एक वेळ.

———

दर्यावर्दी

थोडी वेगळी बाजू. मी कामानिमित्त मॉरिशसला राहिलोय. तिथले मराठी लोक एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेले. आज घरात क्रिओल (तिथली फ्रेंचवरून आलेली बोली), मराठी फारशी कुणी बोलत नाही. पण झाकरी, म्हणजे आपल्या जाखडीची बहीण, अजून नाचतात, गणपती दणक्यात, आणि मराठी शाळेत विषय म्हणून शिकवतात. म्हणजे आयरिश लोकांसारखंच झालं : पायातलं आणि गळ्यातलं राहिलं, जिभेवरचं गेलं. यात कुणाचा दोष दिसत नाही मला. कुणी प्रयत्न सोडले असंही नाही. मळ्यावर दुसऱ्यांशी बोलायचं तर क्रिओल हवीच होती. चंद्रमौळी म्हणतात तसं भाषेला ‘काम द्यायचं’ हे मंडळाच्या हातात किती असतं, मला शंका आहे.

———

रानभैरी

+१. आणि उलट बाजू विसरू नका, मायदेशातही कामं काढून घेतली जातात. १९३५ साली आयर्लंडच्याच सरकारने नाचाच्या हॉलसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. पाद्र्यांना नाचाची अनीती खुपत होती. घरगुती नाचांवरही पोलीस आणि पाद्री जायला लागले. आपलं सरकार, स्वातंत्र्य मिळून १३ वर्षं झालेली, आणि स्वयंपाकघरातला नाच बंद! त्याच काळात न्यूयॉर्कच्या आयरिश हॉलमध्ये गर्दी मावत नव्हती.

———

चंद्रमौळी

या कायद्याचं मला फेशआईंच्या आयोगाशी जोडून बघावंसं वाटतं. घरातला नाच गेला, हॉलमधला आणि स्पर्धेतला उरला, तो शिस्तीचा, मोजता येणारा. आणि जे मोजता येतं ते परदेशात सहज पाठवता येतं. शॅन-नोस पाठवता आला नाही कारण त्याला नियमपुस्तिका नव्हती. दर्यावर्दींच्या शंकेचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण मंडळाच्या हातात एवढं नक्की आहे की वर्षातला एखादा कार्यक्रम असा ठेवायचा जिथे मराठी न बोलता काम होणारच नाही, आणि तो कार्यक्रम नाटकाचा नसावा. आमच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात कॅम्पिंगचा बेत मांडणार आहे. स्वयंपाक, तंबू, ट्रेक, सगळं मराठीत.

———

फेशआई

चंद्रमौळी, मांडा, पण टीनएजर मुलांना विचारून मांडा. माझ्या मोठीचं म्हणणं, फेशला ती जाते ते नाचासाठी नाहीच, तिथे तिच्या मैत्रिणी असतात. स्पर्धा संपली की हॉटेलच्या लॉबीत रात्री १२ पर्यंत पोरी टोप काढून, पायजम्यात बसलेल्या. ते नसतं तर टोप घालून पहाटे उठली नसती.

———

बासरीवाला_पुणे

उशिरा आलो, धागा एका बैठकीत वाचला. प्रश्न साधा आहे : मी सहा भोकांची आपली बांबूची बासरी वाजवतो. पुण्यात बसून आयरिश संगीत शिकता येईल का? टिन व्हिसल घ्यावी का?

———

जुनाबाजा

जरूर घ्या, डी मधली घ्या, सगळे त्याच पट्टीत वाजवतात, आणि वाद्य स्वस्त आहे. तुम्हाला बोटं शिकावी लागणारच नाहीत. बासरीत तीन भोकं बंद केली की आपला सा, व्हिसलवर तोच त्यांचा जी. सहाही बंद म्हणजे आपला मंद्र पंचम, तो त्यांचा डी, आणि डीची चाल तिथून सुरू होते. म्हणजे भोकं तीच, सा हलवायचा. सगळी उघडी ठेवलीत तर आपला तीव्र मध्यम, तो त्यांचा सी शार्प. शुद्ध मध्यमासाठी आपण अर्धं भोक उघडतो, ते लोक बहुधा सगळ्यात वरचं एक भोक उघडं ठेवून त्याच्या लगतची खालची दोन बंद करतात, ते आधी अवघड जाईल.

खरी अडचण दुसरी. मींड काढायची सवय मोडावी लागेल. त्यांचं सौंदर्य बोटांच्या झटक्यात आहे. दोन सारखे स्वर लागोपाठ आले तर जीभ न लावता वरचं बोट क्षणभर उचलून तोडायचे, त्याला ‘कट’ म्हणतात. लांब स्वरावर कट आणि खालून एक टपली मिळून ‘रोल’ होतो. फुंक अगदी हलकी ठेवा, बासरीच्या सवयीने फुंकलंत तर वरच्या सप्तकात किंचाळेल. सुरुवातीला एखादी जिग घ्या, सहा मात्रांची, दादऱ्याच्या वजनात धरलीत तरी पहिल्या आठवड्यात चालेल, मग त्यांचं वजन कानाने घ्या. ऑनलाइन शिकवण्या भरपूर आहेत. स्वरलिपी मिळेल, ती उघडू नका. आधी ऐकून काढा आणि मला रेकॉर्डिंग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.